आमच्या वायफायची शीव

(एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष)

प्रत्येक गावाला शीव असते. पूर्वी ती दगड पुरून, बांध घालून किंवा एखाद्या जुन्या चिंचेवरून ओळखली जाई. हल्ली घरोघरी वायफायचा डबा आला आणि त्याच्याबरोबर एक न दिसणारी शीवही आली. तिचा दगड कोठे पुरलेला आहे, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. बैठकीत चित्रपट धो धो चालतो आणि पाच पावलांवरच्या माजघरातून साधा निरोप जात नाही. उलट समोरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या पोराला तेच वायफाय खुशाल मिळते. असे का व्हावे? आणि ही शीव आपल्याला मोजता येईल का? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांची उत्तरे जमतील तशी देण्याचा विचार आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी दहावीनंतर संबंध सुटला. तेव्हा "हिला हे उपद्व्याप कोणी सांगितले?" असे शास्त्र शाखेच्या मित्रमैत्रिणींना वाटणे साहजिक आहे. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, हॉलतिकीट, निकाल हे सगळे आता मोबाइलवरूनच येते-जाते. ज्याच्या घरात आधीच कोणी शिकलेले असते, त्याला अडले तर विचारायला माणूस असतो. आमच्यासारख्यांना विचारायला असतो तो हाच मोबाइल. त्याची रेंज गेली की आमचा थोरला भाऊच घर सोडून गेल्यासारखे होते. म्हणून ही रेंज कोठे जाते आणि कोठे थांबते, हे पाहण्याची मला गरज पडली.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू

आपण सरसकट "नेट नाही" असे म्हणतो. पण त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. बाहेरून तारेने घरापर्यंत येणारे इंटरनेट ही एक गोष्ट आणि डब्यापासून मोबाइलपर्यंत हवेतून येणारी लहर ही दुसरी. डब्याचे खरे नाव राउटर. आमच्याकडे त्याला सगळे डबाच म्हणतात. गावाबाहेर जेसीबीने खोदताना तार तुटली, तर डब्याशेजारी बसूनही काही उपयोग नाही. मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतील, पण पान उघडणार नाही. नळाची तोटी शाबूत आहे, पण टाकीतच पाणी नाही, असा हा प्रकार. या लेखात आपण फक्त तोटीपासून घागरीपर्यंतचे पाहणार आहोत, टाकीचे नाही.

ही लहर म्हणजे रेडिओचीच लहर. फरक एवढाच, की ती सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावते. यालाच २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात. अशा लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्ध्या वितीपेक्षा थोडी जास्त भरते. नव्या डब्यांत ५ गिगाहर्ट्झचीही सोय असते. ती लहर सुमारे सहा सेंटिमीटरची. आखूड लहर जास्त माहिती वाहून नेते, पण भिंत आडवी आली की लवकर दमते. घरातल्या डब्याची ताकद साधारण एक दशांश वॅट असते. म्हणजे नऊ वॅटच्या एका एलईडी दिव्याच्या नव्वदाव्या हिश्श्याच्या आसपास! एवढ्याशा ताकदीवर आपण सगळ्या घरादाराचा संसार चालवायला बघतो, हे आधी लक्षात घेतले पाहिजे.

थोडा इतिहास

वायफायचा पहिला प्रमाणित आराखडा १९९७ साली प्रसिद्ध झाला, आणि 'वायफाय' हे बारसे १९९९ साली झाले. त्यामागे एक मोठी अडचण सोडवावी लागली होती. खोलीत सोडलेली लहर भिंतींवर, छतावर, कपाटावर आपटून अनेक वाटांनी मोबाइलपर्यंत येते. देवळाच्या गाभाऱ्यात मोठ्याने बोलले की शब्दावर शब्द चढून काहीच कळत नाही, तसे इथे होते. ही गुंतागुंत सोडवणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या जॉन ओसुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे नाव घेतले जाते. ओसुलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रातले. लहान कृष्णविवरांच्या स्फोटातून येणाऱ्या लहरी शोधण्याच्या खटाटोपात ते होते. त्या लहरी सापडल्या नाहीत. पण विस्कटलेल्या लहरींतून मूळ संदेश वेगळा काढण्याचे जे गणित हाती लागले, ते पुढे कामी आले. त्यांच्या पद्धतीला १९९६ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. आपल्या पुणे जिल्ह्यात खोडदजवळ गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या ३० प्रचंड दुर्बिणी याच जातीचे काम करतात. प्रत्येकीची तबकडी ४५ मीटर व्यासाची, आणि काम आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी ऐकण्याचे. आकाशाकडे कान लावणाऱ्यांच्या विद्येतून आपल्या माजघरातले वायफाय सुधारले, ही गंमत मला फार आवडते.

आपल्या देशात रेडिओ लहरी सोडायच्या तर सरकारचा परवाना लागतो. पण २००५ साली केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मोकळा केला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील बराच भाग २०१८ साली मोकळा झाला. म्हणून आज कोणीही दुकानातून डबा आणून घरात लावू शकतो. गावातल्या गायरानासारखा हा पट्टा आहे: कोणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा; आणि म्हणूनच तेथे गर्दीही होते.

उणे आकड्यांचे गणित

मोबाइलवरच्या त्या तीन-चार रेघांवर विसंबून राहता येत नाही. किती लहर आली की किती रेघा दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपापल्या मताने ठरवते. खरा आकडा पाहायचा तर वायफाय मोजणारे एखादे फुकट ॲप मोबाइलवर घ्यावे लागते. त्यात 'डीबीएम' या मापात आकडा दिसतो, आणि तो उणे असतो. पहिल्यांदा पाहणारा येथेच गोंधळतो.

या उण्या आकड्याकडे कर्जासारखे पाहावे. तीस हजारांचे कर्ज असलेला माणूस ऐंशी हजारांचे कर्ज असलेल्यापेक्षा बरा. तसेच उणे ३० हे उणे ८० पेक्षा कितीतरी चांगले. मात्र या कर्जाची एक खोड आहे. येथे आकडा दहाने खाली गेला, की ताकद दहा पट कमी होते. वीसने गेला तर शंभर पट, तीसने गेला तर हजार पट. तीनने गेला तर ताकद निम्मी. त्यामुळे उणे ५० आणि उणे ७० यांत "वीसचाच तर फरक" असे म्हणता येत नाही. तो शंभर पटीचा फरक आहे.

ढोबळ हिशेब असा धरावा. उणे ५० पर्यंत उत्तम. उणे ६५ च्या आसपास चलत्चित्रासह बोलणे, वर्ग ऐकणे ठीक चालते. उणे ७० च्या खाली गेले की निरोप जातात, पण चित्र अडखळते. उणे ८० ला जोडणी लागते-तुटते. उणे ९० म्हणजे लहर आणि आजूबाजूची खरखर यांत फरकच उरत नाही.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आकडा सुमारे सहाने खाली जातो. एका मीटरवर उणे ३४ असेल, तर दोन मीटरवर उणे ४०, चार मीटरवर उणे ४६, आठ मीटरवर उणे ५२. म्हणजे नुसत्या अंतराने लहर इतकी लवकर मरत नाही. तिला मारते ती मधली आडकाठी.

आणखी एक गोष्ट. बोलणे दोन्ही बाजूंनी व्हावे लागते. डब्याचा आवाज मोबाइलपेक्षा बहुधा मोठा असतो. शिवेजवळ गेले की डब्याचे आपल्याला ऐकू येते, पण आपले डब्याला ऐकू जात नाही. रेघा दिसतात, गाणे लागते, आणि अर्जाला फोटो जोडायला गेले की चाक फिरतच राहते. म्हणून शीव ठरवताना नुसता आकडा पाहू नये. त्या जागेवरून एखादा फोटो पाठवूनही पाहावा.

मोजायचे कसे

पद्धत अगदी साधी आहे. वहीच्या पानावर घराचा आराखडा काढावा: खोल्या, दारे, खिडक्या, भिंतींची जाडी, लोखंडी कपाट, धान्याची कोठी, पाण्याची टाकी, सगळे. डब्याच्या जागी फुली मारावी. मग जेथे माणसे खरोखर बसतात-उठतात त्या जागांना क्रमांक द्यावेत. प्रत्येक जागी मोबाइल छातीच्या उंचीवर धरून अर्धा मिनिट थांबावे. घाई करून चालत नाही, कारण २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून अँड्रॉइड मोबाइलमधील असे ॲप दोन मिनिटांत चारच वेळा नव्याने धुंडाळा घेऊ शकते. तुम्ही पुढे निघून गेलात तरी ते जुनाच आकडा दाखवत राहते. मग डब्याकडे तोंड करून एक, पाठ करून एक आणि एक पाऊल बाजूला सरकून एक, असे तीन आकडे घ्यावेत व मधला लिहावा. पाठ फिरवल्याने आकडा बदलतो, कारण माणसाच्या अंगात पाणी असते आणि पाणी ही लहर शोषून घेते. भरलेल्या वर्गात वायफाय मंदावते, त्याचे एक कारण हेही आहे. शेवटी मोजताना एकच मोबाइल वापरावा. दोन मोबाइलांचे कान सारखे नसतात.

आमच्या घरातले आकडे

आमचे घर लातूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात आहे. पुढचा भाग जुना, दगड-मातीचा, वर माळवद. भिंती दोन-दोन फूट जाड. पुढे ओसरी, मग बैठक, त्यामागे माजघर आणि शेवटी स्वयंपाकघर. अंगणाच्या कडेला पत्र्याचा गोठा. तार रस्त्याच्या बाजूने येते, म्हणून डबा बैठकीत खिडकीशेजारी लागला. कोणाच्याही घरात तो असाच लागतो.

दिवाळीच्या सुटीत मी वही घेऊन घरभर फिरले. आजी म्हणाली, "काय मोजायलीस गं? घर काय इकायचंय का?" तिला म्हटले, "नाही आजी, वारं मोजायले." तिने कपाळावर हात मारला.

डब्यापासून एका मीटरवर उणे ३४. बैठकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात उणे ४६. ओसरीवर उणे ५५. अंगणात वीस पावलांवर उणे ६६. समोर रस्त्यापलीकडे, साठ पावलांवर, उणे ७८. आता आत वळू. माजघरात, डब्यापासून अवघ्या पाच मीटरवर, उणे ७२. स्वयंपाकघरात उणे ८४. गोठ्यात उणे ८६.

म्हणजे दारातून सरळ बाहेर वीस पावलांवर जेवढे मिळते, तेवढेही एका भिंतीआड पाच मीटरवर मिळत नाही. हिशेब केला तर पाच मीटरचे अंतर सुमारे चौदाचे कर्ज करते. उरलेले चोवीसचे कर्ज त्या एका भिंतीचे. चोवीस म्हणजे अडीचशे पट! स्वयंपाकघरापर्यंत दोन भिंती आहेत. पण तेथे आकडा दुप्पट कोसळला नाही. कारण लहर दोन्ही भिंती फोडून गेलीच नाही. ती दारातून आत शिरून, आपटत, वळसे घेत पोचली. पत्र्याचा प्रकार निराळा. पत्रा लहर पीत नाही, परतवून लावतो. लोखंडी कपाट आणि धान्याची पत्र्याची कोठी तेच करतात. त्यांच्यामागे सावली पडते. मातीची भिंत मात्र पिते, आणि ओली असली तर जास्त पिते. श्रावणात भिंती ओल धरतात. त्या दिवसांत घेतलेले माजघरातले आकडे दिवाळीच्या आकड्यांहून तीन-चारने खाली होते.

या भिंतींविषयी थोडे बोलले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. माणसे मेली ती बव्हंशी अशाच जाड दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. पुनर्वसनात जी नवी गावे वसली, तेथे भिंती पातळ आणि छते हलकी किंवा काँक्रीटची झाली. आमचे गाव दूर असल्याने आमच्या भिंती तडे जाऊन उभ्या राहिल्या. आजी सांगते, की त्यानंतर कित्येक महिने घरात कोणी निजत नव्हते. सगळी वस्ती अंगणात झोपे. पुनर्वसित गावात माझी मावशी राहते. तिच्या घरीही मी मोजले. तेथे एका भिंतीने दहा-बाराचेच कर्ज केले. एकाच जिल्ह्यात, एकाच जातीच्या डब्याची शीव घराच्या वयावर अशी बदलते.

शीव कोणाच्या बाजूने?

पण मला खरे कळले ते नकाशावर आकडे लिहून झाल्यावर. जेथे जेथे उणे ७० च्या वरचा चांगला आकडा होता, त्या बैठक, ओसरी, अंगण या सगळ्या घरातल्या पुरुषांच्या बसण्याच्या जागा होत्या. जेथे आकडा बुडाला होता, त्या माजघर व स्वयंपाकघर या आईच्या, आजीच्या आणि आम्हा बहिणींच्या. हे कोणी ठरवून केलेले नव्हते. तार पुढून आली, डबा पुढे लागला, एवढेच. पण आमच्याकडे चार माणसे बसलेली असताना मुलीने बैठकीत पुस्तक घेऊन बसण्याची रीत नाही. धाकटी बहीण अकरावीला, विज्ञान शाखेला आहे. लातूरच्या शिकवणीला पाठवण्याएवढी ऐपत नाही, म्हणून ती मोबाइलवर भौतिकशास्त्राचे तास ऐकते. रात्री पुढची मंडळी उठेपर्यंत ती वाट पाहायची आणि मग अकरानंतर बैठकीत बसायची. सकाळी पाचला उठून तिलाच सडा-सारवण असते. कनेक्शनचे पैसे सगळ्यांसाठी भरले जात होते. वायफाय मात्र अर्ध्याच घराला होते.

मी वही अण्णांपुढे ठेवली. अण्णा चौथी शिकलेले; पण शेताची मोजणी, बांध, हद्द यांत त्यांचा हात कोणी धरणार नाही. उणे आकड्यांचे कर्ज त्यांना दोन मिनिटांत कळले. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "म्हंजे पाणी समदं वरच्या वावराला, अन् खालचं वावर कोरडं. मग पाटाचं तोंड फिरवावं लागतंय, माय." तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, हरकत घेतली. अंगणात पाहुणे येतात, त्यांना काय सांगायचे? यावर दोन दिवस घरात बोलणे झाले. शेवटी आजीने निकाल दिला: "पाव्हणे काय परीक्षेला बसायलेत का?"

केबलवाल्या मुलाला बोलावून तार वाढवून घेतली. ही तार काचेच्या तंतूची असते. कोपऱ्यात काटकोनात मुरडली तर आतला प्रकाश गळतो, म्हणून ती गोलाई देऊनच न्यावी लागली. डबा बैठक आणि माजघर यांच्या मधल्या दाराच्या चौकटीवर बसवला. उंचावर, आणि दोन्हीकडच्या दारांच्या रांगेत. पुन्हा मोजले. माजघर उणे ७२ वरून उणे ५० वर आले, म्हणजे दीडशे पटींहून अधिक. स्वयंपाकघर उणे ८४ वरून उणे ६६ वर. बैठक उणे ४८, ओसरी उणे ६०. अंगण मात्र उणे ६६ वरून उणे ७४ वर घसरले. नवा डबा घेतला नाही, महागडी जोडणी घेतली नाही, ताकद तसूभर वाढली नाही. फक्त जागा बदलली. बहीण आता नऊ वाजता अभ्यास संपवून झोपते.

नांदेडची खोली

नांदेडला आम्ही चौघी मैत्रिणी भाड्याने राहतो. येथे सगळे उलटे आहे. विटांच्या पातळ भिंती, वर-खाली स्लॅब, आणि चारी बाजूंना बिऱ्हाडे. आमच्या खोलीत आमच्या डब्याचा आकडा उणे ५२ असतो, तरी संध्याकाळी वायफाय रडते. ॲप उघडले तर एकोणीस डब्यांची नावे दिसली! २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच असतात: पहिली, सहावी आणि अकरावी. बहुतेक सगळे डबे सहावीवर बसले होते. एका ओसरीवर एकोणीस जण एकदम बोलू लागले, तर आवाज मोठा असूनही काय कळणार? डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आम्ही आमची वाट अकरावी केली, आणि जवळ बसणाऱ्यांनी ५ गिगाहर्ट्झ घ्यायचे ठरवले. ती लहर शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत धड पोचत नाही. पण तोच येथे तिचा गुण. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते, म्हणून वरच्या मजल्यावर जाणे तिला आणखीच अवघड. खेड्यात शीव लांब न्यायची असते. शहरात ती आखूड ठेवण्यातच शहाणपण आहे. लातूर, नांदेडच्या ज्या अभ्यासिकांच्या पाट्यांवर "फ्री वायफाय" लिहिलेले असते, तेथे जागा धरताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. एका डब्यामागे किती मुले, हे विचारावे.

शिवेबाहेर कोण उभे आहे?

आपली शीव घराबाहेर गेली, तर त्यात धोकाही आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या इंटरनेट जोडणीवरून गेल्याचे आढळले. पुढे तपासात निष्पन्न झाले, की त्यांचे वायफाय उघडे होते आणि दुसऱ्याच कोणी त्याचा वापर केला होता. त्याच वर्षी मुंबईत माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे वायफायही असेच वापरले गेले. त्यानंतर २००९ साली मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी वायफाय शोधण्याची मोहीम घेतली. घरमालकाला वाटते, माझे वायफाय माझ्या घरात आहे. लहरीला उंबरठा माहीत नसतो. म्हणून आपली शीव मोजताना घराबाहेरही एक फेरी मारावी, आणि डब्याला चांगला लांब पासवर्ड ठेवावा. मोबाइल नंबर किंवा गावाचे नाव हा पासवर्ड नव्हे. तो सगळ्या गल्लीला ठाऊक असतो.

किती लांब जाऊ शकते?

आता मुळातला प्रश्न. वायफाय जास्तीत जास्त किती लांब जाऊ शकेल? व्हेनेझुएलातील एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी २००७ साली दोन डोंगरांवर मोठ्या तबकड्या समोरासमोर लावून ते ३८२ किलोमीटरपर्यंत पोचवले. लातूरहून नांदेडला रस्त्याने जाऊन परत आले, तरी अंतर याहून कमीच भरते! यात जादू नाही. लहर चहूकडे न सांडता एकाच दिशेला वळवली, आणि मध्ये भिंत, झाड, टेकडी काही येऊ दिले नाही. तामिळनाडूत थेनी येथे अरविंद नेत्र रुग्णालयाने याच मार्गाने खेड्यातल्या केंद्रांशी जोडणी केली. खेड्यातला रोगी शहरातल्या डॉक्टरशी समोरासमोर बोलू लागला.

जेथे मध्ये झाडे आणि टेकड्या आहेत, तेथे लांब लहर बरी. मुंबईच्या आयआयटीतील अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यात खामलोलीच्या परिसरात दूरदर्शनच्या मोकळ्या पडलेल्या पट्ट्यातून गावापर्यंत इंटरनेट नेण्याचा प्रयोग केला. ही लहर वायफायपेक्षा चार-पाच पट लांब, म्हणून झाडा-झुडपांतून अधिक दूर जाते. गावात पोचल्यावर पुढचे वाटप वायफायने. मोठा पाट आणि छोटे दंड अशी ही व्यवस्था झाली. अण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमी शेतात तेच करतो की."

सांगायचे तात्पर्य, वायफायची शीव डब्यावर छापलेली नसते. ती भिंतीत, पत्र्यात, शेजाऱ्यांच्या गर्दीत आणि मुख्यतः डबा कोठे ठेवला यात असते. भिंत पाडणे आपल्या हाती नसते. डबा सरकवणे असते. या लेखाच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. सुटीत घरी गेल्यावर एक वही, एक मोबाइल घेऊन आपल्या घराचा असा नकाशा काढावा, आणि आकडे लिहून झाल्यावर प्रत्येक आकड्याशेजारी तेथे कोण बसते त्याचे नाव लिहावे. आपल्या कॉलेजातही हे करता येईल. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात मागच्या रांगेतील खिडकीजवळ, जेथे बसने येणाऱ्या खेड्यातल्या मुली दुपारी बसतात, तेथे मी मोजले आहे. आकडा उणे ७९ आहे. डबा कार्यालयाच्या बाजूच्या भिंतीवर आहे. मधल्या दारापर्यंत तो आणायला पंधरा फूट तार पुरेल.